कोर्सची वेबपानं करताना काय काय झालं

आमच्या विभागात पहिल्या वर्षाला प्रास्ताविक संख्याशास्त्राचा कोर्स आहे, त्याची वेबपानं नव्याने करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे काय, मीटिंगमध्ये जुन्या पानांबद्दल मी जरा जास्तच बोलले, आणि विद्यापीठात जो बोलतो त्याच्याच अंगावर काम येतं. मी वेब डिझायनर वगैरे नाही, शिकवते, थोडंफार एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) येतं, सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) लागेल तसं शोधून लिहिते. हे लिहून ठेवतेय कारण असं काम अचानक पदरात पडलेले बरेच जण असतील आणि मिळणारे सल्ले एकतर 'पान आकर्षक करा' छापाचे असतात नाहीतर थेट कोडमध्ये घुसतात, मधलं कुणी सांगत नाही.

जुनं पान असं होतं: वर इमारतीचा मोठा फोटो, खाली सरकणारी पट्टी, मग 'कोर्सची उद्दिष्टे' म्हणून तीन जडजड परिच्छेद, आणि मग लिंकांची लांबच लांब यादी. नोट्स १, नोट्स २ नवीन, असाइनमेंट फायनल, असाइनमेंट फायनल २, बाजूला लुकलुकणारं 'न्यू', जे कधीच्या जुन्या फाइलवरही इमानाने लुकलुकत होतं. सगळं होतं तिथे, नव्हतं असं काहीच नाही, पण माळ्यावर टाकलेल्या सामानासारखं, ज्याने ठेवलं त्यालाच सापडणार.

डिझाइनला हात लावायच्या आधी मी एक केलं आणि मला वाटतं पुढचं सगळं त्यामुळेच सोपं गेलं. आधीच्या सत्रात विद्यार्थ्यांचे जे जे ईमेल आले होते ते, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे प्रश्न, असे सगळे एका जागी काढले आणि नुसते वाचले. सबमिशन कधी आहे. चाचणीला किती भाग आहे. पुस्तकातली कुठली पानं. झेड टेबल परीक्षेत देणार का. कॅल्क्युलेटर चालेल का. कालच्या लेक्चरचा डेटा कुठे टाकलाय. ह्यातला एकही प्रश्न कोर्सच्या उद्दिष्टांबद्दल नव्हता! आणि जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर जुन्या पानावर कुठल्या ना कुठल्या पीडीएफमध्ये होतंच. म्हणजे मुलं आळशी होती असं नाही, पान त्यांना उत्तर द्यायला बनलेलंच नव्हतं, ते आपण काय काय दिलंय ह्याचा पुरावा ठेवायला बनलेलं होतं. हे एकदा डोक्यात बसल्यावर मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायला लागले, रात्री उशिरा फोनवर हे पान उघडणाऱ्या मुलीला 'मी आत्ता काय करायचं' हे ह्यातून कळतं का. नाही कळलं तर ती गोष्ट खाली सरकवायची किंवा काढूनच टाकायची.

इमारतीचा फोटो तिथेच गेला. त्यावरून थोडी कुरबुर झाली, पण असो.

मग आराखडा. कागदावरच केला, पेन्सिलीने. पहिला मोठा वाद इथे झाला, पानांची विभागणी कशी करायची ह्यावर. शिक्षकाच्या डोक्यात सामानाचे प्रकार असतात, म्हणजे स्लाइड्स एकीकडे, नोट्स एकीकडे, असाइनमेंट तिसरीकडे, आणि म्हणून बहुतेक पानं तशीच बनतात. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र आठवडा असतो. ह्या आठवड्यात काय झालं, काय द्यायचंय, पुढच्या आठवड्यात काय. मी आठवड्यावर ठाम होते. विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, अभ्यासक्रमात युनिटं आहेत, आठवडे नाहीत, उद्या समिती आली तर काय दाखवणार?" मुद्दा बरोबर होता. शेवटी ठरलं की पानं आठवड्यांची, प्रत्येक पानाच्या डोक्यावर युनिटचा नंबर, आणि एक वेगळं पान ज्यात कुठलं युनिट कुठल्या आठवड्यांत आलंय त्याचा तक्ता. समितीला तो तक्ता, मुलांना आठवडे, दोघंही खूश. असल्या तडजोडीत काही कमीपणा नाही, उलट तो तक्ता करताना आमच्याच लक्षात आलं की एका युनिटला आम्ही फारच थोडा वेळ दिला होता.

आता एक आठवडा जवळून दाखवते, म्हणजे कळेल मी नेमकं काय म्हणतेय. प्रमाण विचलनाचा आठवडा घ्या. सगळ्यात वर दोनच ओळी, ह्या आठवड्यात आकडे किती पसरलेत हे मोजायला शिकायचं आणि एक असाइनमेंट द्यायची. लगेच खाली करायच्या गोष्टी, क्रमाने, प्रत्येकीत क्रियापद: हे वाचा, हे पाहा, हे सोडवा, हे जमा करा. 'वाचन साहित्य' असं नाही लिहिलं, 'पुस्तकातली अमुक ते तमुक पानं वाचा, उदाहरण तिसरं सध्या सोडलं तरी चालेल' असं लिहिलं, आणि पुढे अंदाजे किती वेळ लागेल तेही. वेळ लिहिण्यावर मुलांनी फार आनंदाने प्रतिक्रिया दिल्या, मला अपेक्षाच नव्हती. एकजण म्हणाला की मॅम, वेळ लिहिलेला असला की बसमध्ये करायचं काय आणि घरी बसून करायचं काय ते ठरवता येतं.

त्याखाली सरावाचा प्रश्न. मोठ्या वर्गातून नमुना म्हणून घेतलेल्या पाच जणांचे गुण दिलेत, ४, ६, ७, ८, १०, विचरण (व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) काढा. सरासरी ७ येते, फरकांचे वर्ग ९, १, ०, १, ९, बेरीज २०. आता इथे दरवर्षी गोंधळ होतो. पाचने भागलं तर विचरण ४ आणि प्रमाण विचलन बरोब्बर २, चारने भागलं तर विचरण ५ आणि प्रमाण विचलन साधारण २.२४. दोन्ही 'बरोबर', प्रश्न इतकाच की हे पाच जण म्हणजेच तुमचा सगळा समूह आहे की मोठ्या समूहातला नमुना. पीडीएफच्या शेवटी नुसतं उत्तर छापलं की ज्याला ४ आलं तो म्हणतो माझं चुकलं आणि पुढे जातो, का ते त्याला कधीच कळत नाही. वेबपानावर मला जागा होती, म्हणून मी उत्तर लपवलं आणि त्यात दोन्ही वाटा लिहिल्या, '४ आलं असेल तर तुम्ही सगळा समूह धरलाय, प्रश्नात नमुना म्हटलंय ते परत वाचा'. पुढे हेही घातलं की एक्सेलमध्ये ह्यासाठी दोन वेगळी फंक्शनं आहेत, एसटीडेव्ह डॉट एस नमुन्यासाठी आणि एसटीडेव्ह डॉट पी पूर्ण समूहासाठी, दोन्ही ह्याच आकड्यांवर चालवून बघा. त्या एका छोट्या चौकटीने वर्गातला निदान अर्धा तास वाचवला असेल.

उत्तर लपवायला काही जादू लागत नाही, एचटीएमएलमध्ये डिटेल्स आणि समरी अशा दोन टॅग (पानाच्या भागांना लावायच्या खुणा) आहेत, बोट लावलं की उघडतं, जावास्क्रिप्टची एक ओळ लिहावी लागत नाही. लपवण्याचं कारण मात्र गंमत म्हणून नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बऱ्याच शिक्षकांना माहीत असेल, त्यात एका गटाने मजकूर परत परत वाचला आणि दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहायचा प्रयत्न केला, पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. उत्तर समोर उघडं असलं की डोळा आपोआप तिकडे जातो आणि आपल्याला आलं असं वाटतं. म्हणून आधी प्रश्न, मग बंद चौकट.

सूत्रांचा प्रश्न वेगळाच होता. जुन्या नोट्समध्ये सूत्रं चित्र म्हणून चिकटवलेली, फोनवर मोठी केली की धुरकट. मी मॅथजॅक्स (पानावर सूत्रं दाखवणारा प्रोग्रॅम) वापरलं, लाटेकसारखं (सूत्रं साध्या अक्षरांत टाइप करायची पद्धत) लिहायचं आणि ब्राउझर ते नीट अक्षरांत मांडतो, मोठं केलं तरी स्वच्छ दिसतं आणि स्क्रीन रीडरला (न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) वाचताही येतं. लांब सूत्र छोट्या स्क्रीनच्या बाहेर जातं, तेवढं सांभाळायचं, जमेल तिथे दोन ओळींत तोडायचं.

आणि मग जुन्या मराठी नोट्स. ज्यांनी ह्या नोट्स केल्या त्यांनी खूप मेहनत घेतलेली, स्पष्टीकरणं उत्तम, पण सगळं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं. म्हणजे काय की ती अक्षरं दिसायला देवनागरी, आतून रोमन अक्षरांचे कोड, तो फॉन्ट मशिनवर असेल तर मराठी, नसेल तर निव्वळ कचरा. कॉपी करून पानावर टाकलं की कचराच येणार आणि सर्चमध्ये तर सापडणारच नाही. कन्व्हर्टर आहेत, त्यांनी बरंच काम होतं, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं ह्यांवर डोळ्यात तेल घालून नजर फिरवावीच लागते. मी ते काम तुकड्या-तुकड्याने केलं, आठवड्याला लागेल तेवढंच. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या प्रकारात) सेव्ह केलं, पानाची भाषा मराठी आहे असं टॅगमध्ये लिहिलं. हे भाषा लिहिणं लोक सोडून देतात, पण त्यामुळे काही फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात आणि स्क्रीन रीडरला कुठला आवाज वापरायचा ते कळतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात, मी अंतर अक्षराच्या पावणेदोन पट ठेवलं तेव्हा कुठे पान नीट वाचता यायला लागलं.

डेटाच्या फाइलींनीही असाच त्रास दिला. सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा तक्ता) कॉलमांची नावं मराठीत, मुलं डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडणार आणि तिथे चित्रविचित्र चिन्हं. एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडला की फाइलच्या सुरुवातीला एक खूण बसते आणि मग नीट उघडतं. एवढीशी गोष्ट, पण ती कुणी सांगितली नाही तर डेटाच खराब आहे म्हणून दहा ईमेल येतात.

पहिली दोन-तीन पानं तयार झाल्यावर मी काही विद्यार्थ्यांना बोलावलं. वेबपानं लोक कशी वापरतात ह्याचे अभ्यासक जेकब नील्सन २००० पासून सांगतायत की पाच जणांना वापरायला देऊन बघितलं तरी बहुतेक अडचणी दिसतात, तर म्हटलं पाच जण तर कुठेही मिळतील. अट एकच ठेवली, त्यांनी स्वतःच्या फोनवर करायचं आणि मी बोलायचं नाही. हे न बोलणं महाकठीण असतं बरं का, शिक्षकाला तर फारच! काम दिलं की तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट कधी द्यायची ते शोधा. पहिल्या मुलीने पान उघडलं आणि अंगठ्याने सपासप खाली गेली, मी इतक्या प्रेमाने लिहिलेली प्रस्तावना एका झटक्यात मागे पडली, थेट तळाशी जाऊन परत वर, मग मध्ये कुठेतरी थांबली आणि म्हणाली, "मॅम, तारीख इथे आहे का? मला वाटलं हे हेडिंग आहे." मी तारीख उठून दिसावी म्हणून रंगीत पट्टीत मोठ्या अक्षरांत टाकली होती आणि तिच्या डोळ्यांनी ती जाहिरात समजून सोडून दिली. दुसऱ्याने पान वाचलंच नाही, फोनमध्ये 'पानावर शोधा' उघडलं आणि 'ड्यू' टाइप केलं. पानावर सगळीकडे 'जमा करण्याची अंतिम तारीख' असं शुद्ध मराठीत लिहिलेलं, त्याला शून्य निकाल. त्या दिवसापासून शीर्षकांमध्ये 'असाइनमेंट ३, सबमिशन' असेच शब्द, मुलं जे बोलतात ते. नील्सन यांच्याच १९९७ च्या चाचण्यांत ७९ टक्के लोक नवं पान शब्दन् शब्द वाचत नाहीत, चाळतात असं दिसलं होतं, आकडा मला आधीपासून माहीत होता, पण आपल्या डोळ्यांसमोर आपली प्रस्तावना उडवली जाताना बघणं वेगळं.

फोनवरचं बाकीचं तांत्रिक थोडक्यात. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची मेटा टॅग नसेल तर फोन ते पान कॉम्प्युटरच्या रुंदीचं धरतो आणि आक्रसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी. रुंद तक्ते वेगळ्या चौकटीत ठेवले, म्हणजे तक्ता आडवा सरकतो, पूर्ण पान नाही. फळ्याचे फोटो सरळ फोनमधून टाकले तर एकेक ३-४ एमबीचा असतो, १२०० पिक्सेल रुंदीला आणून जेपीजी दाबलं की दीड-दोनशे केबीत बसतो आणि वाचायला काही फरक पडत नाही. सहकाऱ्यांना हे पटवणं अवघड गेलं, कारण विद्यापीठाच्या नेटवर दोन्ही सारखेच पटकन उघडतात.

आलेख आणि त्याचं स्पष्टीकरण जवळ ठेवा हे मात्र थोडं विस्ताराने सांगते. कॉम्प्युटरवर आलेख डावीकडे आणि मजकूर उजवीकडे छान दिसतो, फोनवर तो मजकूर खाली घसरतो आणि मग मूल वर-खाली करत बसतं, आलेख बघ, खाली ये, विसर, परत वर जा. शिक्षण मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभागलेल्या लक्षाबद्दल जे लिहिलंय ते हेच, शिकायची ताकद शोधाशोधीत खर्च होते. मी लांब स्पष्टीकरणाचे तुकडे केले, बॉक्स प्लॉटवरच (आकड्यांचा पसारा दाखवणाऱ्या आकृतीवरच) मध्यक कुठे, चतुर्थक कुठे, असं लिहून टाकलं, खाली फक्त एक प्रश्न ठेवला की ह्या दोन वर्गांपैकी कुठल्या वर्गात गुण जास्त पसरलेत.

आता स्क्रीन रीडर. आमच्या वर्गात एक विद्यार्थी एनव्हीडीए वापरतो, हा विंडोजवरचा मोफत आणि मुक्त स्रोत स्क्रीन रीडर आहे. त्याला म्हटलं, तुझ्यासारखं वापरून दाखव. त्याने जुनं पान उघडलं आणि लिंकांची यादी काढली, आणि मशिन बोलायला लागलं, 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, डाउनलोड, डाउनलोड'. आम्ही दोघंही हसलो, पण त्याने ते सगळं सत्र तसंच काढलं होतं. नव्या पानावर लिंकचा मजकूर म्हणजे 'असाइनमेंट ३, पीडीएफ, २ पानं'. तो एच दाबून एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर उड्या मारतो, म्हणजे हेडिंग ही खरी हेडिंगची टॅग हवी, नुसती अक्षरं जाड आणि मोठी करून चालत नाही, त्याच्यासाठी ते साधं वाक्यच राहतं. आलेखांना पर्यायी मजकूर लिहायला लागले तेव्हा माझीच परीक्षा झाली. 'हिस्टोग्राम' एवढंच लिहून उपयोग काय, त्याला हवंय ते हे की आकडे डावीकडे गोळा झालेत आणि उजवीकडे लांब शेपटी आहे. असं वाक्य लिहिताना मला कळलं की काही आलेख मी उगाचच टाकले होते, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. ते काढले.

रंगांचंही तिथेच उरकलं. वेबच्या सुगम्यतेचे जे निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट हवा. आमच्या टेम्प्लेटमधला तो स्टायलिश फिकट राखाडी मोजला तर २.८५ भरला. काळा केला. मुदत संपलेल्या गोष्टी फक्त लाल रंगाने दाखवल्या होत्या, तिथे 'मुदत संपली' असे शब्दही घातले, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक प्रत्येक मोठ्या वर्गात असतात आणि ते येऊन सांगत नाहीत.

तारखा. ह्यावर मी कुणाचंही ऐकत नाही आता. 'पुढच्या गुरुवारी' हे पानावर कधीही लिहायचं नाही, वाचणारा कुठल्या दिवशी वाचतोय कुणास ठाऊक. वार, तारीख, वेळ, तिन्ही. आणि 'रात्री १२ पर्यंत' लिहिलं तर अर्धा वर्ग समजतो त्या दिवसाची सुरुवात, अर्धा समजतो शेवट, म्हणून ११:५९. तारीख एकाच जागी लिहायची आणि बाकी सगळीकडून तिथे लिंक द्यायची, नाहीतर मुदत वाढवली की चार पानांपैकी तीनच बदलली जातात आणि चौथ्याचा स्क्रीनशॉट घेऊन कुणीतरी येतंच.

लॉगिनच्या आत काय आणि बाहेर काय हे आधी ठरवून टाकलं ते बरं झालं. गुण, उपस्थिती, जमा केलेली असाइनमेंट, चर्चा, सगळं विद्यापीठाच्या मूडलमध्ये (लॉगिन करून वापरायची कोर्सची यंत्रणा). नोट्स, आठवड्याची पानं, सराव, डेटा हे उघड्यावर. रोल नंबरसकट गुणांची यादी उघड्या पानावर टाकायची जुनी सवय काही ठिकाणी अजून दिसते, ती टाकू नये हे सांगावं लागतं हेच नवल. नोट्स उघड्या ठेवण्यावर एक आक्षेप आला की मग मुलं वर्गात येणार नाहीत. एमआयटीने २००१ मध्येच जाहीर केलं होतं की आपल्या कोर्सचं साहित्य सगळ्यांसाठी मोफत ठेवणार, आणि त्यांचे वर्ग काही ओस पडले नाहीत, असं मी म्हटलं. ते पटलं की नाही माहीत नाही, पण परवानगी मिळाली. पुस्तकातली प्रकरणं स्कॅन करून टाकणं मात्र बंद केलं, त्याऐवजी ग्रंथालयातल्या ई-प्रतीची लिंक, आणि आमच्या नोट्सवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे दुसऱ्या कुणाला वापरायच्या असतील तर विचारत बसायला नको.

व्हिडिओ मी थोडेच केले. २०१४ मध्ये एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ सत्रांचा अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की साधारण सहा मिनिटांच्या पुढे लोक टिकत नाहीत. मी पाच मिनिटांत एकच गोष्ट दाखवली, खाली सबटायटल्स, आणि जे बोलले तेच मजकूर म्हणून खाली. खरं सांगायचं तर मुलांनी मजकूरच जास्त वापरला, शोधता येतो म्हणून.

कशात बनवलं असं बरेच जण विचारतात. मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी हेडिंग, यादी दाखवायची पद्धत) साध्या फाइलींत, ह्यूगो नावाच्या प्रोग्रॅमने त्याची एचटीएमएल पानं होतात, ती सर्व्हरवर चढवायची, डेटाबेस वगैरे काही नाही. वर्डमधून 'वेब पेज म्हणून सेव्ह' केलेलं एचटीएमएल एकदा उघडून बघा, एका परिच्छेदाला वीस ओळींचा पसारा असतो, पुढच्या माणसाने तो कसा दुरुस्त करायचा. साधेपणाचा मला फार अभिमान वगैरे नाही, पण टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न ह्या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला तो संशोधकांना एकमेकांची माहिती सापडावी म्हणूनच, आणि १९९१ चं ते पहिलं संकेतस्थळ, नुसता मजकूर आणि लिंका, सर्नने परत जागेवर ठेवलंय आणि आजच्या ब्राउझरमध्ये उघडतं. मधल्या काळात फ्लॅशमध्ये (ॲनिमेशनचं तेव्हाचं तंत्र, आता बंद) केलेले कितीतरी सुंदर कोर्स २०२० नंतर उघडेनासे झाले.

सत्र सुरू झाल्यावर खरं काम कळलं. पान करणं एकदाचं, सांभाळणं रोजचं. मी एक नियम केला, एखादा प्रश्न दोन जणांनी विचारला की उत्तर ईमेलवर द्यायचं नाही, पानावर लिहायचं आणि ईमेलमध्ये लिंक द्यायची. सुरुवातीला मुलांना हे तुटक वाटलं, नंतर ती स्वतःच एकमेकांना लिंका पाठवायला लागली. उत्तरपत्रिकेत काही दुरुस्ती केली तर गुपचूप फाइल बदलायची नाही, वर तारीख टाकून लिहायचं की प्रश्न चारच्या उत्तरात अमुक बदल केलाय, कारण निम्म्यांनी जुनी फाइल आधीच डाउनलोड केलेली असते. सर्व्हरच्या नोंदी बघितल्या तर सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी पानावर झुंबड, बाकी दिवस शांतता, म्हणून आता मी त्या संध्याकाळी कुठल्याही फाइलीला हात लावत नाही.

सत्र संपल्यावर पानं पुसायची नाहीत हेही भांडून ठरवलं. पानाच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) वर्ष आहे, त्या वर्षाची पानं तशीच गोठवायची, वर एक पट्टी की हे जुनं सत्र आहे आणि चालू सत्र इकडे. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि पत्त्यात लेखकाचं नाव, 'ताजं' वगैरे स्थिती, फाइलचं एक्स्टेन्शन असलं काही घालू नका, कारण बदलतं ते हेच. आमच्या आधीच्या पत्त्यात एका निवृत्त सरांचं आडनाव होतं.

ह्या सत्रात कोर्स दुसऱ्या मॅडम शिकवतायत. त्यांच्यासाठी फोल्डरमध्ये एक रीडमी फाइल ठेवली, आठवडा कसा बदलायचा, तारखा कुठल्या एका फाइलीत आहेत, आलेख काढायचा कोड कुठे आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला, "अगं, प्रस्तावनेचा तो परिच्छेद मी काढून टाकला तर चालेल ना, कुणी वाचत नाही तो." म्हटलं, खुशाल काढा, फक्त असाइनमेंटची तारीख वर सरकली की फोनवर एकदा बघून घ्या.